मदत हवी आहे: मॅनिफोल्डचा तुटका स्टड हेडमधून निघत नाही

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनाचा धूर बाहेर नेणारा पाइपांचा जोड) काढताना तो इंजिनाच्या हेडला (वरच्या भागाला) धरून ठेवणारा एक स्टड, म्हणजे बिनडोक्याचा बोल्ट, तुटला. डब्ल्यूडी-फॉर्टी (गंज सोडवायचा स्प्रे) मारून मारून डबा संपत आला, तुकडा जराही हलत नाही. गॅरेजवाले हेड उतरवायला सांगतात, ते मला करायचं नाहीये. सोमवारी गाडी लागणारच आहे. खात्रीचा उपाय असेल तर लवकर सांगा.

पानापक्कड: गाडी कुठली? स्टड किती जाडीचा? बाहेर किती उरलाय? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

धागाकर्ता: मारुती ८००, २००८ची. स्टड ८ मिमी. बाहेर काहीच नाही, हेडच्या पातळीला तुटलाय. आता सांगा.

निळा_आकाश: मॅनिफोल्ड उतरवलंच आहे तर ऑइल आणि फिल्टरही बदलून घ्या. या इंजिनाला सिंथेटिक लागत नाही, साधं मिनरल चालतं.

सातारचा_फिटर: उलट्या आट्याचा ड्रिल बिट आणा. बरोबर मध्यावर सेंटर पंचने खूण, मग ३ मिमीचं भोक, मग हळूहळू वाढवत जा. उलटा फिरणारा बिट अडकला की बऱ्याचदा स्टडलाच फिरवून बाहेर आणतो. आटे १.२५ पिचचे (दोन आट्यांत १.२५ मिमी अंतर) असतील, तेव्हा भोक ६.८ मिमीच्या पुढे नेऊ नका.

धागाकर्ता: ड्रिल चालत असतं तर इथे कशाला विचारलं असतं? आत एझी-आऊटचं (तुटका बोल्ट भोकात घुसवून उलटा फिरवून काढायच्या हत्याराचं) तुटकं टोक अडकलंय, बिट त्यावरून घसरतो.

सातारचा_फिटर: अहो, हे पहिल्याच ओळीत हवं होतं! एझी-आऊट कडक पोलादाचा, हायस्पीड बिट त्यावर चालत नाही. तो बाजूला सरकतो आणि हेडचं अ‍ॅल्युमिनियम खातो. ड्रिल ठेवून द्या.

भोसरीचा_टर्नर: आमच्याकडे तुटलेले टॅप (आटे पाडायची हत्यारं) स्पार्क मशिनवर, विजेच्या ठिणग्यांनी जाळून काढतात. आट्यांना धक्का लागत नाही. पण हेड टेबलावर यायला हवं.

जुना_खेळाडू: तुरटी! घड्याळजी पितळेत तुटलेला स्क्रू तुरटीच्या गरम पाण्यात ठेवतात. लोखंड विरघळतं, पितळ शाबूत राहतं. खर्च पाच-दहा रुपये.

पानापक्कड: काका, तो घड्याळाचा स्क्रू. ८ मिमीच्या स्टडला किती दिवस लागतील? शिवाय हेड गाडीवर आहे, पाण्यात बुडवणार कसं?

जुना_खेळाडू: मी पितळी कॉकमधून तुटलेला टॅप असाच काढलाय. घाई असेल त्याने करू नये.

सीओटूवाला: नट वेल्ड करा. आधी तुकड्यावर सीओटू वेल्डिंगने (कार्बन डायऑक्साइड गॅस वापरून तारेने करतात ते) थेंब चढवून तो पातळीच्या वर आणा. त्यावर वॉशर, वॉशरवर नट, आणि नटच्या आतून भरून घ्या. एझी-आऊटचं टोक मध्ये असलं तरी अडत नाही, उलट तेही वेल्डला धरतं. सीओटूची लोखंडी तार अ‍ॅल्युमिनियमला धरत नाही, त्यामुळे आटे वाचतात. वेल्डच्या उष्णतेने गंजही सुटतो. थोडं थंड झालं की पाना लावून पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे करत रहा. एका दिशेने जोर लावला तर परत तुटेल. पहिला नट उखडला तर दुसरा लावा, मला बहुतेक वेळा असं करावंच लागतं.

सातारचा_फिटर: त्यापेक्षा गॅसने हेड तापवा. अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, पकड आपोआप ढिली होते.

सीओटूवाला: शेजारी पेट्रोलचे पाइप असताना उघडी ज्योत? अजिबात नको. अ‍ॅल्युमिनियम लाल न होताच ६६० अंशांना वितळतं, कळेपर्यंत कोपरा गेलेला असतो.

निळा_आकाश: एवढा खटाटोप करण्यापेक्षा सीएनजीची वॅगनार बघा ना.

धागाकर्ता: गाडी वडिलांची आहे, विकायची नाही. सीओटू वेल्डिंग करणारा एकजण शेजारच्या गल्लीत आहे, त्याला घरी बोलावतोय. वेल्ड करताना ईसीएमला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) काही होणार नाही ना?

सीओटूवाला: बॅटरीच्या दोन्ही वायर काढा, ईसीएमचं सॉकेटही सोडवा. अर्थिंगचा चिमटा हेडलाच, स्टडच्या अगदी जवळ लावायला सांगा. पेट्रोलच्या पाइपवर ओलं पोतं टाका आणि आग विझवायचा सिलिंडर हाताशी ठेवा.

भोसरीचा_टर्नर: आटे गेलेच तर घाबरू नका, ८ची हेलिकॉइल (भोकात नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसते. नवीन स्टडला कॉपर ग्रीस लावा. आणि बाकीचे जुने स्टडही आत्ताच बदला, तेही तेवढेच गंजलेले असणार.

धागाकर्ता: बाकीचे चांगले दिसतायत. राहू देत का?

पानापक्कड: फोटो टाका, मग सांगतो.