वरचा बाण दाबत बसण्यापेक्षा फाइलच का लिहीत नाही?

रिकामा कंस
काल एका सहकाऱ्याच्या शेजारी बसलो होतो. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या प्रॉम्प्टवर (ओळ टाइप करून लगेच उत्तर बघायची जागा) मघाशी लिहिलेली एक ओळ त्याला परत हवी होती. वरचा बाण, वरचा बाण, वरचा बाण. एकवीसपर्यंत मी मोजलं. तेवढ्यात हवी ती ओळ मागे सुटली, मग खालचा बाण. शेवटी वैतागून गड्याने ती नव्याने टाइप केली, आणि कंस विसरला.

माझं म्हणणं सरळ आहे. प्रॉम्प्ट म्हणजे पाटी. लिहा, बघा, पुसा. जी ओळ पुन्हा लागणार ती आधीच फाइलमध्ये हवी. पुसलेल्या पाटीवर काय होतं ते शोधत बसायची सवय वाईट, आणि हिस्टरीची सोय, म्हणजे टाइप केलेल्या जुन्या ओळी साठवून परत देणं, ती सवय पोसते. पटत नसेल तर बोला.

अर्धविराम
नाही पटत. ओळ पुन्हा लागणार हे ती लिहिताना कळतं कुणाला?

परवा तारखांचा एक रकाना वाचायचा होता. काही ठिकाणी दिवस आधी, काही ठिकाणी महिना आधी. दहा प्रकार करून पाहिले, अकरावा चालला. पहिल्या फसलेल्या प्रयत्नाला कोण फाइल उघडतं हो? अकरावा चालल्यावर मात्र तो जसाच्या तसा हवा असतो, आणि तो असतो हिस्टरीतच.

बाकी एकवीस बाण हा हिस्टरीचा दोष नाही. कंट्रोल-आर दाबायचं, ओळीतली चार अक्षरं टाइप करायची, ती ओळ समोर येते. आणखी जुनी हवी तर पुन्हा कंट्रोल-आर. जास्त मागे गेलात तर कंट्रोल-एस, पण सांभाळून. बऱ्याच टर्मिनलांत (कमांड टाइप करायच्या खिडक्यांत) त्याने पडदा गोठतो, कारण ती टर्मिनलची फार जुनी ‘थांब’ची खूण आहे. सुटका कंट्रोल-क्यूने. मी पहिल्यांदा खिडकीच बंद करून टाकली होती.

जुना खोडरबर
धागाकर्त्याशी सहमत, पण माझं कारण वेगळं आहे. हिस्टरी तुम्ही काय टाइप केलं ते सांगते. काय घडलं ते सांगत नाही. फसलेल्या ओळी आणि चाललेल्या ओळी तिच्यात एकाच रांगेत बसतात.

माझ्यावर बेतलेलं सांगतो. किंमतीच्या रकान्याला 1.1 ने गुणणारी ओळ चालवली. पडद्यावर काहीच दिसलं नाही (दिसणारही नव्हतं), म्हणून वरचा बाण, एंटर. रकाना दोनदा वाढला. संध्याकाळी आकडे जुळेनात म्हणून हिस्टरी तपासली, तर ओळ एकदाच! रीडलाइनवर (टाइप केलेल्या ओळी सांभाळणारी लायब्ररी) चालणारा पायथनचा जुना प्रॉम्प्ट लागोपाठ आलेली तीच ओळ दुसऱ्यांदा नोंदवतच नाही. याला तुम्ही पुरावा म्हणणार?

तिसरी ओळ
खोडरबर, हे रडगाणं साध्या प्रॉम्प्टचं झालं. आयपायथन वापरून बघा, पायथनचाच जास्त सोयींचा प्रॉम्प्ट. 2001 पासून आहे. तिथे प्रत्येक ओळीला नंबर, दोनदा चालवली तर दोन नंबर. सगळं एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या फाइलीत जातं, त्यामुळे गेल्या महिन्यातलंही सापडतं. ‘पर्सेंट हिस्टरी डॅश जी’ आणि पुढे शब्द, की त्या शब्दाच्या सगळ्या जुन्या ओळी हजर.

रिकामा कंस यांच्यासाठी खास: ‘पर्सेंट सेव्ह’, फाइलचं नाव, मग 12-18. त्या सात ओळींची फाइल तयार. तुम्हाला फाइलच हवी ना? आधी खेळा, मग फाइल करा.

जुना खोडरबर
आयपायथन माहीत आहे. ते उत्तरंसुद्धा ‘आउट’ नावाच्या साठ्यात धरून ठेवतं. भलंमोठं टेबल नुसतं नाव टाइप करून पाहिलं आणि नंतर ‘डेल’ने ते नाव पुसलं, तरी मेमरी सुटत नाही, कारण ‘आउट’ने ते पकडलेलं असतं. फुकट काहीच मिळत नाही.

तिसरी ओळ
हे मान्य. ‘पर्सेंट रीसेट आउट’ करावं लागतं.

कुलूपकिल्ली
सगळे ओळ सापडण्याबद्दल बोलताय. ती दुसऱ्याला सापडली तर?

पायथनची हिस्टरी होम फोल्डरात साध्या मजकुरात पडलेली असते, 3.4 आवृत्तीपासून न सांगता आपोआप. डेटाबेसला जोडणाऱ्या ओळीत पासवर्ड टाइप केलात की तो तिथे गेला. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या क्लायंटला (त्याच्या कमांड टाइप करायच्या प्रोग्रामला) निदान एवढी अक्कल आहे की ‘पासवर्ड’ हा शब्द असलेल्या ओळी तो फाइलीत टाकत नाही. पायथन सगळं गिळतो. जुनं मशीन दुसऱ्याकडे देण्याआधी मी ती फाइल सहज उघडली आणि घाम फुटला. तेव्हापासून पासवर्ड पायथनच्या ‘गेटपास’ फंक्शनने विचारून घेतो. तो ओळीत नसतो, म्हणून हिस्टरीतही नसतो.

अर्धविराम
हा मुद्दा खरा आहे, पण म्हणून हिस्टरीच नको हे अति झालं. नोडमध्ये (जावास्क्रिप्टचा प्रॉम्प्ट) हिस्टरीचा व्हेरिएबल रिकामा ठेवला की फाइलीत लिहिणं बंद होतं. बॅशमध्ये (लिनक्सवरचा कमांडचा प्रॉम्प्ट) तशी सेटिंग असेल तर सुरुवातीला एक स्पेस दिलेली ओळ नोंदवली जात नाही. गुपिताच्या ओळी वगळा, बाकीच्या राहू द्या.

रिकामा कंस
बरं, थोडा मागे सरकतो. काल रात्री पायथन 3.13 टाकून पाहिलं. ऑक्टोबर 2024 पासून यात प्रॉम्प्टच नवा आहे. एफ-2 दाबलं की जुन्या कमांड सलग दिसतात, उत्तरं आणि ओळीआधीची ती >>> खूण गाळून. म्हणजे उचलून थेट फाइलीत टाकता येतात. सहा ओळींचं फंक्शन वरच्या बाणाने अख्खं परत येतं. आधी एकेक ओळ सुटी यायची आणि मधला इंडेंट (ओळीआधीची मोकळी जागा) चुकला की पुन्हा श्रीगणेशा.

तरी एक तक्रार उरतेच. दोन खिडक्या उघड्या होत्या, जुन्या 3.12 च्या. आधी एक बंद केली, मग दुसरी. पहिलीतलं सगळं गेलं! बाहेर पडताना फाइल नव्याने लिहिली जाते, त्यामुळे जी शेवटी बंद होते तिचंच राहतं.

तिसरी ओळ
त्यावर पायथनच्याच दस्तऐवजात उतारा आहे. 3.5 पासून रीडलाइनमध्ये जुन्या फाइलीच्या शेवटी नव्या ओळी जोडणारं फंक्शन आहे, पंधराएक ओळी पायथन सुरू होताना चालणाऱ्या फाइलीत टाकायच्या.

रिकामा कंस
म्हणजे हिस्टरी नीट राहावी म्हणून शेवटी फाइलच लिहायची! असो. सहकाऱ्याला कंट्रोल-आर दाखवलं. तो आता तिथेही एकवीस वेळा कंट्रोल-आर दाबतो, अक्षरं टाइप करत नाही.