चावी फिरवताच रेडिएटरचा फॅन सुरू, थांबतच नाही (नागपूर)

मानेवाडा_पेट्रोल:
२०१३ ची पेट्रोल हॅचबॅक, फॅन एकच. सकाळी इंजिन गार, एसी बंद, तरी चावी ऑन केली की फॅन फुल स्पीडने फिरतो. चावी काढली की थांबतो. चेक इंजिनचा दिवा लागलाय, ॲव्हरेज घसरलंय. इंजिन मात्र तापत नाही. गॅरेजवाला म्हणतो, थर्मोस्टॅट काढून टाकू. काढू द्यावा का?

तारजोड:
अजिबात नाही. थर्मोस्टॅट म्हणजे रेडिएटरकडे जाणारी कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह, तो ८२ ते ८८ अंशांच्या आसपास उघडतो. गार इंजिनावर फिरणाऱ्या फॅनशी त्याचा काय संबंध? तो काढला तर इंजिन वेळेवर गरम होणार नाही आणि पेट्रोल आणखी जाईल.

आधी रिले (फॅनला करंट देणारा छोटा स्विच) बघा. बॉनेटखालच्या फ्यूज बॉक्समधून फॅनचा रिले उपटा. फॅन थांबला नाही तर वायरिंगमध्ये कोणीतरी डायरेक्ट जोड मारलाय. थांबला तर तिथेच त्याच नंबरचा दुसरा रिले (बहुतेक हॉर्नचा चालतो) लावून बघा. आता फॅन गप्प, म्हणजे जुन्या रिलेचे पॉइंट चिकटले होते. तरीही फिरतोय, तर रिलेला ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ओढतंय किंवा त्याची कंट्रोल वायर कुठेतरी बॉडीला लागलीय. तुमचा दिवा लागलाय म्हणून माझा संशय कूलंट सेन्सरच्या (कूलंटचं तापमान मोजणाऱ्या) सर्किटवर. सेन्सरचा सिग्नल तुटला की ईसीयू सावधगिरी म्हणून फॅन चालूच ठेवतं.

ओम_मीटर:
तारजोड भाऊंशी सहमत. साधा ओबीडी स्कॅनर (ईसीयूतले दोषाचे कोड वाचणारं यंत्र) लावून कोड आणि लाइव्ह डेटा बघा. पी०११८ असेल तर सर्किट ओपन, पी०११७ असेल तर शॉर्ट. गार गाडीत कूलंटचं तापमान हवेइतकंच दिसायला हवं. उणे ४० दिसलं तर सर्किट तुटलंय. काही गाड्या मात्र खरा आकडा लपवून ८० वगैरे ठरावीक आकडा दाखवतात. रात्रभर उभ्या गाडीत ८० दिसलं तर फसू नका.

मग सेन्सरचं कनेक्टर काढा आणि कनेक्टरच्या दोन्ही पिना वायरच्या तुकड्याने क्षणभर जोडा. आकडा उडून १२० च्या वर गेला तर वायरिंग आणि ईसीयू ठीक. उणे ४० वरच राहिला तर वायर तुटलीय. सेन्सर मीटरवर वेगळा मोजा: २० अंशांना साधारण २ ते २.५ किलोओहम, ८० अंशांना ३०० ओहमच्या आसपास. काही गाड्यांत डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्यासाठी एका वायरचा वेगळा सेन्सर असतो, तो नव्हे. दोन वायरचा शोधा.

मानेवाडा_पेट्रोल:
रिले बदलला, फरक नाही. कोड पी०११८, आकडा उणे ४०. पिना जोडल्यावर १३० च्या वर गेला. सेन्सर आज सकाळी १.७ किलोओहम दाखवतोय. मग नवा सेन्सर आणू?

ओम_मीटर:
नको! ३० अंशांच्या सकाळी १.७ म्हणजे सेन्सर ठणठणीत. वायरिंगही ठीक. उरला फक्त दोघांचा सांधा. कनेक्टरच्या आत बघा, हिरवा गंज किंवा सैल झालेली पिन सापडेल. वॉशिंग सेंटरला इंजिनवर प्रेशरने पाणी मारलं की हे हमखास होतं. बॅटरीची निगेटिव्ह काढा, काँटॅक्ट क्लीनर मारा, पिन बारीक सुईने आवळा. पिन खाल्ली गेली असेल तर वायरसकट कनेक्टर बदला. जोड सोल्डर करून वर हीट श्रिंक (उष्णतेने आवळणारी नळी) चढवा. नुसती टेप इंजिनच्या उष्णतेत सुटते.

तारजोड:
नंतर कोड पुसा आणि एसी बंद ठेवून गाडी आयडलवर सोडा. बऱ्याच गाड्यांत फॅन ९५ अंशांच्या पुढेमागे सुरू होऊन चार-पाच अंश उतरल्यावर थांबतो. हे चक्र दोनदा बघा. हात लांब ठेवा, गरम इंजिनात फॅन अचानक फिरतो. गरम असताना रेडिएटरचं झाकणही उघडू नका.

आणि मे महिन्यात ४५ अंशांत एसी लावल्यावर फॅन सतत फिरला तर पुन्हा हा धागा उकरू नका, तो दोष नाही. एसीचा कंडेन्सर गार करायला तो फिरायलाच हवा. फक्त कंडेन्सरच्या जाळीतली धूळ पाण्याच्या हलक्या धारेने, जमल्यास आतून बाहेर, धुऊन काढा. कूलंट टॉप-अपला बोअरचं पाणी घालू नका, क्षार बसतात. तयार कूलंट घाला किंवा घट्ट कूलंट (कॉन्सन्ट्रेट) डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं.

मानेवाडा_पेट्रोल:
एक पिन पूर्ण हिरवी निघाली. साफ करून आवळली, सकाळी स्कॅनरवर ३१ अंश, फॅन बंद. संध्याकाळी आयडलवर ९६ ला लागला, ९१ ला थांबला.