स्टोल्टेनबर्ग: नाटोचे कारभारी की नुसते निरोपे?

तिरकस:
येन्स स्टोल्टेनबर्ग २०१४ ते २०२४ नाटो या पाश्चात्त्य लष्करी युतीचे सरचिटणीस होते, त्याआधी दोनदा नॉर्वेचे पंतप्रधान. या दहा वर्षांचं कौतुक जरा अतीच चाललंय. सरचिटणिसाच्या हाती ना सैन्य, ना मत. सदस्य देशांचा संरक्षणखर्च वाढला तो पुतिनमुळे. आणि मुदतवाढ मिळत गेली, कारण दुसऱ्या कुणावर एकमत होईना.

मधलीफळी:
यांच्या नावावर मात्र दरवेळी झालं ना? तीसेक सरकारांना एका सुरात बोलायला लावणं खायचं काम नाही. ही सवय घरची आहे. २००५ ते २०१३ त्यांच्या आघाडी सरकारात समाजवादी डावा पक्ष होता, ज्याचा नाटोलाच विरोध! तरी २०११ मध्ये त्याच मंत्रिमंडळाने नाटोच्या लिबिया मोहिमेत एफ-१६ लढाऊ विमानं धाडली.

तिरकस:
लिबियाचं नाव तुम्हीच काढलंत. नॉर्वेच्या विमानांनी तिथे जवळपास ६०० बॉम्ब टाकले. पुढे त्या देशाची काय गत झाली? याला कसब म्हणायचं?

मधलीफळी:
लिबियाचं समर्थन करत नाहीये. पण जुलै २०२३ मधली विल्नियसची नाटो शिखर परिषद आठवा. स्वीडनचा नाटोप्रवेश तुर्कस्तानने अडवून धरला होता. तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोगान आणि स्वीडनचे पंतप्रधान हात मिळवताहेत आणि मध्ये हे उभे. स्वीडनचं घोडं तिथेच पुढे सरकलं.

काठावरचा:
फोटो झकास, पण तुर्कस्तानच्या संसदेची मंजुरी आली जानेवारी २०२४ मध्ये, आणि त्याच आठवड्यात अमेरिकेने त्यांना एफ-१६ विकायला हिरवा कंदील दाखवला. किंमत वॉशिंग्टनने मोजली. यांनी बोलणी तुटू दिली नाहीत, तेवढं श्रेय द्या.

मला खटकतं ते पुढचं. २०२२ मध्ये नॉर्वेच्या मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर म्हणून नेमणूक झाली होती. युक्रेनमध्ये युद्ध पेटलं, गेले नाहीत. फेब्रुवारी २०२५ मध्ये थेट अर्थमंत्री! बोलावणारे पंतप्रधान स्टोरे, म्हणजे यांच्याच मंत्रिमंडळातले जुने परराष्ट्रमंत्री.

मधलीफळी:
मग काय एखाद्या शस्त्रकंपनीच्या संचालक मंडळावर जायला हवं होतं? मंत्र्याला निदान संसदेत उत्तरं द्यावी लागतात.

तिरकस:
शस्त्रकंपनीपेक्षा बरं, मान्य. पण सप्टेंबर २०२५ ची निवडणूक त्यांच्या मजूर पक्षाने जिंकली, त्यात नाटोचं वलय कामी आलंच. सगळ्या सदस्य देशांच्या वतीने सांभाळलेल्या पदाची पुण्याई एका पक्षाच्या खात्यात गेली. माझा आक्षेप तिथे आहे.