क्यूब पास म्हणजे स्लॅब पास?

खडीवाळू: काल इथे एकाने ठणकावून लिहिलं, की काँक्रीटचा २८ दिवसांचा क्यूब ताकदीला पास झाला की स्लॅब पास, फ्लॅटवाल्यांनी कोअर, म्हणजे स्लॅबला भोक पाडून काढलेला नमुना, मागणं म्हणजे निव्वळ छळ. रात्रभर डोक्यातून जाईना. अहो, क्यूब म्हणजे १५० मिमीच्या साच्यात थर देऊन नीट कांडलेला आणि २७ अंशांच्या पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवलेला काँक्रीटचा ठोकळा. तोच माल वर सळयांच्या जाळीत अडकतो, व्हायब्रेटर बीमच्या जोडापर्यंत पोचत नाही, सेंट्रिंग काढल्यावर खडी उघडी दिसते. क्यूब गाडीतल्या मालाची परीक्षा घेतो, झालेल्या कामाची नाही.

प्लांटवाला: आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय कोडमध्ये माल स्वीकारायचा तो क्यूबवरच. मग काय, प्रत्येक स्लॅबला भोकं पाडायची? आमच्या काँक्रीट प्लांटमधून माल बरोबरच निघतो. साइटवर मुकादम 'जरा पातळ करा' म्हणत गाडीच्या ड्रममध्ये पाण्याचा पाइप सोडतो आणि रिपोर्ट पडला की बोंब आमच्या नावाने.

साइटवरचा: मुकादमावर ढकलू नका! तुमची गाडी ट्रॅफिकमधून येईपर्यंत माल आवळलेला असतो, पंप ओढत नाही. गाडी परत पाठवली तर दुसऱ्या दिवशी तुम्ही गाडीच देत नाही.

प्लांटवाला: चलनावर, म्हणजे गाडीसोबतच्या पावतीवर, वेळ असते. सही कोणी केली? स्लंप, म्हणजे माल किती पातळ ते मोजून, घेतला होता का? आधी ते सांगा.

साइटवरचा: घेतला होता. कमी आला म्हणून कळवलं, तर तुमचाच माणूस म्हणाला, 'पाणी मारा.' मी समोर उभा होतो.

तिसरा मजला: पाण्यावरून भांडताय तर माझंही ऐका. आमच्या वरचा स्लॅब मे महिन्यात भरला. टँकर परवडत नाही म्हणून बिल्डरने दोन दिवसांत पाणी मारणं थांबवलं. ना ओलं गोणपाट, ना पाणी साठवायला आळी. पहिल्याच पावसात छताला ओल आली. तक्रार केली तर क्यूबचे रिपोर्ट पुढे केले, सगळे पास!

प्लांटवाला: गळतीचा आणि स्ट्रेंग्थचा काय संबंध? ते वॉटरप्रूफिंगचं काम.

खडीवाळू: संबंध आहे. पीपीसी म्हणजे राखमिश्रित सिमेंटला किमान १० दिवस ओलं ठेवायला कोडच सांगतो. हे क्युरिंग चुकलं की सर्वांत आधी कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, सच्छिद्र होतं. तिथून पाणी आणि हवा सळईपर्यंत जाते, सळई गंजून फुगते आणि गिलाव्यासकट कव्हर सुटतं. टाकीतल्या क्यूबला यातलं काय कळणार?

साइटवरचा: मग रिबाउंड हॅमर, म्हणजे उसळीवरून ताकद सांगणारा हातोडा, मारा, भोकं तरी पडणार नाहीत.

खडीवाळू: हॅमर फक्त वरची कातडी सांगतो. जुन्या, कार्बोनेट झालेल्या (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने कडक झालेल्या) पृष्ठभागावर तर ताकद ५० टक्क्यांपर्यंत जास्त दाखवू शकतो. अल्ट्रासॉनिक म्हणजे ध्वनिलहरींच्या चाचणीने कच्च्या जागा हुडका, सळई चुकवून तिथे कोअर काढा.

प्लांटवाला: बरं बाबा, शंका असेल तिथे काढा. किमान ३ कोअर, सरासरी ठरलेल्या क्यूबच्या ताकदीच्या ८५ टक्के, एकही ७५ च्या खाली नको, हेही कोडातच आहे. पण नापास झाले तर आधी क्युरिंगची नोंदवही मागवा, मग आमच्या दारात या.

तिसरा मजला: नोंदवही सोसायटीने लेखी मागितली आहे. अजून उत्तर नाही. तुमचं चलन तरी द्याल का?