शिगम्याला सरबत वाटायचं की नाही? महिला क्लबच्या सेवेविषयी मला पडलेला प्रश्न

डिचोलीकरीण

गोव्यातल्या आमच्या तालुक्यात आम्हा बायकांचा एक सेवा क्लब आहे. आम्ही तिसेक जणी. काही शिक्षिका, काही बँकेतल्या, दोघी नर्स, बाकीच्या घर सांभाळून शिवणकाम किंवा नेवऱ्या-लाडवांच्या ऑर्डरी करणाऱ्या. शिगम्याच्या, म्हणजे होळीच्या सुमाराच्या आमच्या उत्सवाच्या, मिरवणुकीत सरबत, सार्वजनिक गणपतीत महाप्रसादाची वाढप, बालदिनाला चित्रकला आणि वेशभूषा स्पर्धा, दिवाळीत नरकासुराचा पुतळा जाळल्यावर सकाळी रस्ता झाडणं, असं आमचं वर्ष जातं. मी नऊ वर्षं यात आहे आणि मनापासून आहे. तरी यंदाच्या बैठकीत मी म्हटलं की दुसऱ्यांच्या उत्सवात वाढप्याचं काम आता बंद करू. मुलांसाठी आपण स्वतः जे करतो, तेवढंच करू.

कारण सांगते. यंदाच्या शिगमो मिरवणुकीत आमचं टेबल पथकं जमतात त्या जागेजवळ होतं. एका फुगडी पथकातली मुलगी तिसऱ्यांदा पेला घेऊन आली. आठ-नऊ वर्षांची असेल. काष्ट्याचं लुगडं, वेणीतली अबोली कोमेजलेली, घामाने पावडरीचे ओघळ गालावर आलेले. पथकाला चार वाजता बोलावलं होतं आणि तेव्हा रात्रीचे साडेआठ झाले होते. पेला न भरताच तिने विचारलं, "काकी, खावपाक कितें आसा?" आमच्याकडे कोकम सरबताशिवाय काही नव्हतं. आम्ही दोघी धावत कोपऱ्यावरच्या गाड्यावर गेलो, उरलेले सगळे पाव आणि शेजारच्या दुकानातली केळी उचलली. पाच मिनिटांत पाटी रिकामी झाली. तिच्या पथकाचा नंबर त्यानंतर दीड तासाने लागला.

नंतर आम्ही आयोजकांना चार ओळींचं पत्र दिलं. मुलांची पथकं आधी सोडा, त्यांना बसायला जागा द्या, काहीतरी खायला ठेवा. उत्तर आलं, "ते आम्ही बघतो, तुम्ही सरबताचं बघा."

ते वाक्य मला अजून टोचतं. जिथे आम्हाला राबायला बोलावतात पण बोलू देत नाहीत, तिथे आम्ही का जावं? तुमची मतं हवीत, विरोधातली असली तरी.

माशेलची सून

ताई, तुमचा राग कळतो. निर्णय मात्र मला पटला नाही. त्या मुलीच्या पोटात पाव गेला तो तुम्ही टेबलामागे होतात म्हणून. पुढच्या वर्षी तिथे कोणी नसेल, तर ती कोणाला विचारील?

सेवेला अटी घालू नयेत असं मला वाटतं. माझ्या सासूबाई पौषात धालोच्या, म्हणजे बायकांच्या लोकनृत्याच्या, मांडावर जायच्या; मांड म्हणजे नाचाची राखीव जागा. पाच, सात, नऊ रात्री वाड्यावरच्या बायका समोरासमोर दोन रांगा करून, कमरेला हात घालून गात नाचायच्या. मांड आदल्या दिवशी सारवायचा कोणी, समईला तेल कोणी आणायचं, शेवटच्या रात्रीचे चणे-गूळ कोणी वाटायचे, हे कोणी कोणाला सांगावं लागत नसे. पुरुषांना तर मांडावर पाऊलच टाकता येत नाही. मानपानाचा हिशेब त्यात नव्हता. आपल्याकडच्या बायकांना सेवा शिकवायला क्लब यावा लागला नाही.

डिचोलीकरीण

वहिनी, तुम्ही धालोचं उदाहरण दिलंत आणि माझंच म्हणणं मांडलंत. मांड बायकांचा असतो. कधी सुरू करायचं, कोणतं गीत आधी, कधी थांबायचं, सगळं त्या ठरवतात. म्हणून तिथे सारवण घालताना कोणाला कमीपणा वाटत नाही. मिरवणुकीत मांड दुसऱ्याचा आणि सारवण तेवढं आमचं.

पणजीचा वाचक

थोडा इतिहास सांगतो, कारण हा प्रश्न जुना आहे. इनर व्हील ही महिलांची सेवासंस्था १० जानेवारी १९२४ रोजी मँचेस्टरला स्थापन झाली. मार्गारेट गोल्डिंग या बाईंनी पुढाकार घेतला, त्या पेशाने नर्स होत्या. त्याआधी नोव्हेंबर १९२३ मध्ये रोटरी सभासदांच्या घरच्या २७ जणी जमल्या, तेव्हा बसायला जागा मिळाली ती एका तुर्की स्नानगृहात. रोटरीचं सभासदत्व त्या काळी फक्त पुरुषांना होतं. लायन्सने स्त्रियांना पूर्ण सभासद म्हणून घेतलं ते १९८७ साली, रोटरीने जगभरात दार उघडलं ते १९८९ साली. म्हणजे बायकांचे वेगळे सेवा क्लब बऱ्याच अंशी मुख्य टेबलावर खुर्ची नव्हती म्हणून निघाले. आज खुर्ची मागणं यात सेवेचा अहंकार कसला? डिचोलीकरीण यांच्या बाजूने माझं मत.

मंडळाचा कार्यकर्ता

मी एका उत्सव समितीत बारा वर्षं आहे, तुमच्या गावच्या नव्हे. दुसरी बाजूही ऐकावी ही विनंती.

मिरवणूक एका दिवसात उभी राहत नाही. पोलिसांची परवानगी, वाहतूक वळवणं, वीज खात्याकडून तारांची उंची बघून घेणं कारण चित्ररथ अडकतात, अग्निशमन दल, रुग्णवाहिका, परीक्षक, बक्षिसांची रक्कम. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद हा नियम आहे. सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सवलत देऊ शकतं, त्यापलीकडे कोणी नाही. रोमटामेळ (ढोलताशांवर नाचत जाणारी पथकं), लोकनृत्य, वेशभूषा, चित्ररथ असे गट असतात आणि क्रमासाठी आम्ही चिठ्ठ्या टाकतो. कोणाला आधी सोडलं की बाकीचे पथकवाले पक्षपाताचा आरोप करतात. दोन महिने आम्ही दुकानं, नोकऱ्या सांभाळून हे करतो. मग शेवटच्या दिवशी एखादा क्लब बॅनर घेऊन येतो, टेबलावर तीन तास उभा राहतो, फोटो काढतो आणि दुसऱ्या दिवशी चुका दाखवतो. हे आम्हालाही लागतं.

चार वाजता आलेल्या मुलांना साडेआठपर्यंत उपाशी ठेवणं चूकच. पण पहिल्या बैठकीला क्लबमधून कोणी आलं होतं का?

डिचोलीकरीण

भाऊ, नव्हतं आलं, हे खरं आहे. बैठक किती वाजता असते तेही सांगा. आमच्याकडे रात्री साडेनऊला देवळाच्या सभामंडपात असते. त्या वेळी घरातल्या सासऱ्यांना जेवण वाढून, दुसऱ्या दिवशीच्या डब्यांसाठी कडधान्य भिजत घालून कोण येणार? आली तर परत सोडायला कोण? निमंत्रणाचा निरोप येतो तोही क्लबच्या बाईंच्या यजमानांना.

वाळपईची नर्स

सरबत आणि खुर्ची बाजूला ठेवून एक वेगळा मुद्दा मांडते. उत्सवात महिला क्लबला गर्दीच्या कामाला उभं करतात. रांग लावा, दोरी धरा, मुलांना बाजूला घ्या. या कामाला शिक्षण लागतं. शिरगावच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली ती ३ मे २०२५ ची पहाट आपल्या तालुक्यांत कोणी विसरलेलं नाही. अरुंद उतारावर लोक दाटले की साडी नेसलेली स्वयंसेविका हातात हात धरून त्यांना थोपवू शकत नाही, ती स्वतः आधी पडते. गर्दीचं नियंत्रण पोलिसांचं आणि प्रशिक्षित माणसांचं. आपण ते सरळ नाकारायला हवं.

आपल्याला जमतं आणि कोणी करत नाही असं काम म्हणजे हरवलेली मुलं. गेल्या वर्षी आम्ही पाच जणींनी मिरवणुकीच्या दोन टोकांना उभं राहून येणाऱ्या लहान मुलांच्या मनगटावर आईचा किंवा बाबाचा फोन नंबर लिहिला, न पुसणाऱ्या पेनाने. काही आया हसल्या, काहींनी स्वतःहून बाही वर करून दिली. रात्री दहाच्या सुमारास चार वर्षांचा एक मुलगा ढोलताशाच्या पथकामागून चालत गेला होता. तो रडतसुद्धा नव्हता, घुमट वाजवणाऱ्याकडे बघत उभा होता. नाव विचारलं तर "बाबू" म्हणाला. घामाने शेवटचा आकडा फिका झाला होता, दोन शक्यता धरून फोन लावला, दुसऱ्या वेळी आई लागली. ती फोनवर बोलूच शकली नाही. अकरा मिनिटांत मूल तिच्या कडेवर होतं. आता आम्ही नंबर मनगटाच्या आतल्या बाजूला लिहितो आणि वर पारदर्शक चिकटपट्टी लावतो.

मूल सापडलं आणि पालक मिळाले नाहीत तर एकट्याने घरी नेऊ नका. पोलीस किंवा १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन.

फोंड्याचा मास्तर

मी प्राथमिक मराठी शाळेत तीस वर्षं शिकवलं. डिचोलीकरीण ताईंना वाटतं की मुलांचे कार्यक्रम स्वच्छ आहेत आणि उत्सव तेवढे बिघडलेले. मला तसं दिसलेलं नाही.

एका बालदिनाच्या वेशभूषा स्पर्धेला मी परीक्षकांच्या मागे बसलो होतो. भाड्याने आणलेले तीन शिवाजी, दोन झाशीच्या राण्या, एक अंतराळवीर. त्यात एक मुलगा पोदेर, म्हणजे दारोदार पाव विकणारा, होऊन आला. बाप बांधकामावर मजूर, परराज्यातला. डोक्यावर घरची वेताची टोपली, त्यात वर्तमानपत्राचे गोळे करून केलेले पाव, वर निळं प्लास्टिक जसं खरा पोदेर घालतो तसं. सायकलचा भोंपू हातात. त्याने मंचावर येऊन तो दोनदा वाजवला आणि शुद्ध कोंकणीत पावाचा भाव सांगितला. सगळा वर्ग हसला, टाळ्या पडल्या. बक्षीस अंतराळवीराला गेलं. तो मुलगा टोपली घेऊन खाली उतरला आणि त्याने ती बाकाखाली सरकवली. पुढच्या वर्षी त्याने नाव दिलं नाही.

त्या क्लबच्या बायका चांगल्याच होत्या, मेहनतीने सगळं केलं होतं. पण ज्या घरात पैसे आहेत तिथे बक्षीस आणखी एक जातं, हे कोणी पाहिलंच नव्हतं. भाड्याचा वेश चालणार नाही एवढा एक नियम केलात तरी अर्धं काम होईल. तोवर उत्सव सोडून मुलांकडे वळतो म्हणण्यात मला तथ्य दिसत नाही. शिगम्यातली फुगडीवाली मुलगी हीसुद्धा मूलच.

साखळीची आई

मास्तरांशी सहमत. आणखी एक विनंती सगळ्या क्लबना. माझ्या मुलीला वह्या दिल्या त्याबद्दल आभारच. पण वह्या देताना फोटो, तो व्हॉट्सॲपच्या गटांवर, मग स्थानिक पेपरात नावगावासकट. "गरजू विद्यार्थिनी" अशी ओळ खाली. ती सातवीत होती. दोन दिवस शाळेत गेली नाही. मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय काढू नका, आणि विचारलं तरी देतानाचा फोटो काढू नका.

डिचोलीकरीण

ताई, हे वाचून मी आमच्या क्लबच्या पानावरचे जुने फोटो उघडून बसले. असे सतरा फोटो निघाले, त्यातल्या चारांत देणारी मीच. आज सगळे काढायला सांगितले आहेत. तुमच्या मुलीची माफी मागावी अशी माझी ओळख नाही, पण मागते.

मास्तर, भाड्याच्या वेशाचा नियम या बालदिनापासून लागू. पोदेराचं तुम्ही लिहिलंत ते मी बैठकीत वाचून दाखवणार आहे.

मूळ प्रश्नावर माझं मत थोडं हललं आहे, पूर्ण नाही. वहिनींचं खरं आहे, टेबल उठवलं तर ती मुलगी उपाशी राहील. म्हणून टेबल राहू दे. पण ते प्रेक्षकांसाठी नको. रस्त्यावर सरबत विकत घेता येतं, पथकातल्या मुलांना रांग सोडून जाता येत नाही. आमचं टेबल फक्त पथकांच्या जागेवर असेल, तिथे पाव-भाजी, केळी, पाणी आणि बसायला चटया. दोरी धरणार नाही. मनगटावर नंबर लिहू, नर्सबाईंनी शिकवावं. आणि मुलांची पथकं रात्री नऊच्या आत सुटतील असं समितीने लिहून दिलं तरच येऊ. लिहून मिळालं नाही तर येणार नाही, हे मात्र मी सोडत नाही. हक्काने बोलता येत नाही तिथे केलेली सेवा मुलांच्याही उपयोगी पडत नाही हे मी यंदा डोळ्यांनी पाहिलं.

मंडळाचा कार्यकर्ता

मुलांच्या पथकांचा वेगळा गट करून त्यांच्या चिठ्ठ्या वेगळ्या टाकता येतील. मग पक्षपाताचा प्रश्न येत नाही. हे आम्हाला आजवर सुचलं नव्हतं. आमच्या समितीत मी मांडतो. बैठक रविवारी दुपारी चारला घ्या असंही मांडतो, त्याला विरोध होईल कारण तेव्हा काहींचं फुटबॉल असतं. बघू. तुमच्या समितीतल्या एकाला मी ओळखतो, त्यालाही बोलतो. पण पहिल्या बैठकीपासून या आणि जमाखर्चालाही बसा. खर्चात वाटा नसेल तर शब्दाला वजन येत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

माशेलची सून

अट घालणं मला अजूनही आवडत नाही. लिहून नाही दिलं आणि तुम्ही गेला नाहीत, तर मी आमच्या वाड्यावरच्या चार जणी घेऊन पाव वाटायला जाईन, हे आताच सांगून ठेवते.

१ जुलै २०२२ पासून प्लास्टिकचे पेले बंद आहेत, तुम्ही कागदाचे वापरत असाल. आमच्या मांडाचे दीडशे स्टीलचे पेले माळ्यावर पडून आहेत, सासूबाईंच्या वेळचे, प्रत्येकावर नाव कोरलेलं. लागले तर न्या. धुवायला दोन बादल्या आणि एक बाई जास्त धरा.