रविवारी मंडई आणि जुना बाजार, कोण कोण येणार?

ए-३०४: नमस्कार मंडळी. या रविवारी सोसायटीतल्या मुलांना घेऊन महात्मा फुले मंडईत आणि तिथून मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात जाऊया का? परवा खाली खेळणाऱ्या मुलांना विचारलं, तर मंडई आतून पाहिलेली जेमतेम दोघं निघाली. पुण्यात वाढणाऱ्या मुलांच्या बाबतीत हे मला बरं वाटत नाही.

सी-१०२: काका, कल्पना छान आहे. पण मुलांना तिथे दाखवायचं काय? भाजी तर गेटवर येते.

ए-३०४: वहिनी, भाजी नंतर. आधी मान वर करून इमारत बघायची. मधोमध तो उंच अष्टकोनी मनोरा, सगळं दगडी काम, आणि आत वारा खेळता राहील असं उंच छत. बांधकाम वासुदेव बापूजी कानिटकरांनी केलं. ५ ऑक्टोबर १८८६ ला उद्घाटन झालं, तेव्हाच्या गव्हर्नरच्या नावावरून ‘रे मार्केट’ म्हणायचे. त्याआधी शहराचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भरायचा. आज घोले रोडला असलेलं फुले वस्तुसंग्रहालयही मुळात याच इमारतीत सुरू झालं.

बी-२०१: आणि टिळकांचा पुतळा! मोतीलाल नेहरूंनी १९२४ साली अनावरण केलं होतं. आमचे सासरे प्रत्येक वेळी तिथे थांबून हात जोडायचे, मगच भाजी.

डी-५०१: काका, फुल्यांचा मंडईशी संबंध काय? शेतकऱ्यांसाठी त्यांनीच बांधून घेतली का?

ए-३०४: उलट आहे बाळा, आणि मला मुलांना हेच सांगायचं आहे. जोतीराव तेव्हा नगरपालिकेचे सभासद होते. एवढा पैसा मार्केटच्या इमारतीवर घालू नका, शिक्षणावर खर्च करा, असं म्हणून त्यांनी विरोध केला. तरी इमारत झाली. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने तिला जोतीरावांचं नाव मिळालं. काही जण याला विसंगती म्हणतात. मला तसं वाटत नाही. फुलांचा धंदा करणाऱ्या घरातला हा माणूस आयुष्यभर शेतकऱ्याच्या घामाबद्दल बोलला. शेतमाल विकणाऱ्यांच्या डोक्यावर गव्हर्नरचं नाव राहण्यापेक्षा त्यांचं असणं शंभर टक्के योग्य. पण विरोध का केला होता, हेही मुलांना माहीत हवं. पैसा आधी कशावर खर्च करायचा, हा प्रश्न आजही तसाच उभा आहे.

डी-५०१: हे शाळेत कुणी सांगितलंच नाही. मी येतोय.

सी-१०२: आमचे तिघं धरा. भाजीही घेणारच. गाळ्यावरच्या मावशींना विचारलं, की आळू वडीचं की फतफत्याचं, चाकवत कशात घालायचा, सगळं सांगतात. ॲपवर कोण सांगतं? मुलांना प्रत्येकी थोडे पैसे देऊ, त्यांनीच विचारून घ्यायचं.

ए-३०४: फार छान. फक्त पाव किलो कोथिंबिरीसाठी घासाघीस नको, एवढं आधीच सांगून ठेवा.

ए-४०३: जुन्या बाजाराबद्दल जरा शंका आहे. तिथे चोरीचा माल असतो म्हणतात. मुलांना न्यावं का?

बी-२०१: ताई, मी बरीच वर्षं जाते. बहुतेक माल भंगारातून, नाहीतर पाडलेल्या वाड्यांतून आलेला असतो. कड्या, कोयंडे, कंदील, पितळी स्टोव्ह, रेडिओ, पाने, पकडी, घड्याळं. मोबाईल मात्र बिलाशिवाय कुणीच घ्यायचा नाही. जुनी नाणी बघायला घ्या, पण भारी किंमत देऊ नका, ‘शिवराई’ म्हणून नवी ओतलेलीही खपवतात. पितळ घेताना चुंबक लावून बघायचं. चिकटलं तर आत लोखंड, वर नुसता मुलामा.

ए-४०३: पितळी पातेलं मिळालं तर हवंच आहे.

बी-२०१: मिळेल. पण कल्हई केल्याशिवाय त्यात आमटी, ताक काही ठेवू नका, कळकेल. कल्हईवाला मिळाला तर त्याला सोसायटीतच बोलावू. तापलेल्या भांड्यावर नवसागर टाकून कथील फिरवलं, की क्षणात ते कसं चांदीसारखं उजळतं, ते आपल्या मुलांनी बघितलेलंच नाही.

डी-५०१: मला बंद पडलेला रेडिओ हवाय, खोलून बघायला.

ए-३०४: घे की. तिथले काही विक्रेते स्वतः दुरुस्ती जाणतात. कुठला भाग कसला ते त्यांनाच विचार, आवडीने सांगतात. वस्तू दुरुस्त करून पुन्हा वापरायची असते, हे तिथे डोळ्यांना दिसतं, म्हणून मला मुलांना तिथेच न्यायचं आहे. जुना बाजार फक्त बुधवार आणि रविवार, त्यामुळे रविवार चुकवू नका.

सी-१०२: जायचं कसं? तिथे गाडी लावणं अशक्य.

डी-५०१: मेट्रो! वनाझहून सिव्हिल कोर्ट, तिथे गाडी बदलून भुयारी मार्गाने मंडई. सप्टेंबर २०२४ पासून सुरू आहे. परतताना पुन्हा सिव्हिल कोर्ट आणि तिथून पुढचंच स्टेशन मंगळवार पेठ.

ए-३०४: उत्तम. म्हणजे आधी मंडई, मग जुना बाजार. साडेसातला गेटवर जमू. प्रत्येकाने कापडी पिशवी आणि सुटे पैसे आणावेत.

बी-२०१: चुंबक मी आणते. येणाऱ्यांनी शनिवारी रात्रीपर्यंत खाली फ्लॅट नंबर आणि मुलांची संख्या टाका.