ओनानाचे पाप आणि गणिताच्या वहीतल्या रेघा

उत्तनकर:
गेल्या आठवड्यात एका ख्रिस्ती युवक मंडळाच्या कार्यकर्त्याने 'तरुणांनो, एकांतातल्या पापापासून सावध' असे टिपण फिरवले आणि ते पुतण्याच्या फोनवरून माझ्यापर्यंत आले. त्यात तीन विधाने होती. हस्तमैथुनाबद्दल देवाने ओनानाला ठार मारले. वीर्याचा एक थेंब रक्ताच्या चाळीस थेंबांतून बनतो, म्हणून हे कृत्य म्हणजे हप्त्याहप्त्याने केलेली आत्महत्या. आणि ही सवय असलेल्याच्या ठायी पवित्र आत्मा वस्ती करीत नाही. पुतण्या सतरा वर्षांचा आहे. त्याने मला एवढेच विचारले, "काका, तिसरे खरे आहे का?" पहिल्या दोहोंविषयी त्याला शंकाही आली नव्हती, याचे मला अधिक वाईट वाटले.

बायबलच्या 'उत्पत्ती' या पहिल्या पुस्तकाच्या ३८व्या अध्यायात ओनानाची गोष्ट तीन वचनांत संपते. थोरला भाऊ निपुत्रिक मेला, त्याच्या विधवेला त्याच्या नावाने संतती देणे हे धाकट्याचे कर्तव्य. ओनान तिच्याकडे जात राहिला, पण मूल आपले म्हणवले जाणार नाही हे ठाऊक असल्याने बीज जमिनीवर पाडत राहिला. तेथे एकांत नाही, तेथे एका विधवेची फसवणूक आहे. चाळीस थेंबांचा हिशेब तर पवित्र शास्त्रात कोठेच नाही. तो लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या गुप्तरोगवाल्यांच्या जाहिरातींतला आहे.

आता माझे सांगतो. चौदाव्या वर्षी मी गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने बारीक रेघा ओढत असे, चार उभ्या आणि पाचवी आडवी, कारण पापनिवेदनाच्या वेळी जाळीपलीकडून फादरांचा "कितीदा?" असा प्रश्न येई आणि आकडा चुकला तर ते आणखी एक पाप होईल अशी माझी समजूत होती. एकदा आईला ते पान सापडले. क्रिकेटचा हिशेब आहे, असे मी सांगितले, तर म्हणाली, "एवढ्या धावा काढल्या कोणी?" त्याचे आज हसू येते. पण रविवारी कम्युनियनची पवित्र भाकर घ्यायला सगळा बाक उठून जाई आणि पापी म्हणून मी एकटाच बसून राही, तेव्हा परतणारी आजी माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहत असे, त्याचे अजूनही येत नाही.

आमच्या कॅथलिक चर्चच्या धर्मशिक्षण ग्रंथाच्या २३५२व्या परिच्छेदात हे कृत्य मूलतः आणि गंभीरपणे विपरीत ठरवले आहे, हे मी लपवत नाही. पण त्याच परिच्छेदात पुढे अपरिपक्वता, जडलेली सवय, चिंता आणि इतर मानसिक वा सामाजिक कारणे यांनी माणसाचा दोष कमी होतो, क्वचित अगदी किरकोळही ठरतो, असे लिहिले आहे. पहिला अर्धा भाग आम्हांला बालपणीच पाठ होता. दुसरा मी चाळिशी उलटल्यावर स्वतः शोधून वाचला. माझी तक्रार एवढीच आहे की चर्चने जे माप लिहून ठेवले, ते मुलांपर्यंत अर्धेच पोचवले.

शब्दनिष्ठ, अहिल्यानगर:
मी प्रोटेस्टंट असलो तरी ओनानाचा मुद्दा मान्य करतो, कारण वचन समोर असताना दुसरे काही करता येत नाही. मात्र शास्त्रात शब्द नाही म्हणून बंधनही नाही, असा अर्थ कोणी काढू नये. शास्त्रात मोबाइलही नाही. मत्तय ५:२८ मध्ये प्रभूने 'व्यभिचार करू नको' ही सातवी आज्ञा हातापासून डोळ्यांपर्यंत आणि डोळ्यांपासून अंतःकरणापर्यंत नेली आहे. कल्पनेत कोणीच नसताना हे कृत्य घडते, असे सांगणारा माणूस मला अद्याप भेटलेला नाही.

तुम्ही वहीची गोष्ट सांगितलीत, मी आमच्या स्वयंपाकघरातली सांगतो. मंडळीतली एक विवाहित भगिनी माझ्या पत्नीकडे आली, हातातला चहा निवून गेला तरी तिने कप तोंडाला लावला नाही, आणि शेवटी म्हणाली, "तो शेजारी असतो, पण फोनमध्ये असतो." त्या नवऱ्याला आम्ही भेटलो. त्याला अपराधी वाटत नव्हते, हीच तर अडचण होती. तेव्हा अपराधीपणाला सरसकट रोग ठरवण्यापूर्वी तो जेथे नसतो तेथे काय होते, हेही पाहावे. जाळीआड बसून आकडे विचारण्याची पद्धत तुमची आहे. तिचे ओझे कृपा करून शास्त्राच्या माथी मारू नका.

मडगांवकर:
प्रथम एक दुरुस्ती. 'व्यभिचार करू नको' ही सहावी आज्ञा आहे, सातवी नव्हे.

दुसरे, आकडा विचारणे हा पाद्र्यांचा भोचकपणा नाही. महापापे प्रकार आणि संख्या यांसह सांगावीत, असे आमच्या चर्चच्या १९८३च्या धर्मसंहितेचे ९८८वे कलम सांगते, आणि त्यामागे १५५१ची ट्रेंटची चर्चपरिषद आहे. वैद्यही किती दिवसांपासून दुखते, असे विचारतोच. कृत्य गंभीर असले तरी पूर्ण जाणीव आणि पूर्ण संमती असल्याखेरीज महापाप होत नाही, हेही आमचीच शिकवण सांगते. उत्तनकरांना ते कोणी सांगितले नसेल तर तो सांगणाऱ्याचा दोष, पापनिवेदनाच्या संस्काराचा नव्हे.

गोव्यात आम्ही पापनिवेदनाला कुमसार म्हणतो. सोळाव्या वर्षी मी घशाला कोरड पडलेली असताना आकडा सांगू लागलो, तर आमचे वृद्ध पाद्री मध्येच म्हणाले, "पुरे, बाबा. मोजत बसतोस म्हणजे झोपत नाहीस. तीन नमो मारिया म्हण आणि उद्या सकाळी आईला विहिरीचे पाणी काढून दे." त्या रात्री मी झोपलो. शब्दनिष्ठांकडे जाळी नाही, पण म्हणून आकडे नाहीत असे समजू नये. तेथे मुले आपला आकडा आयुष्यभर स्वतःजवळच बाळगतात.

शब्दनिष्ठ:
मूर्तींविषयीची आज्ञा पहिलीत विरघळवायची आणि शेवटची दोन तुकड्यांत फोडून दहाचा मेळ घालायचा, म्हणजे सातवी आपोआप सहावी होते. आमच्याकडे हा उद्योग करावा लागत नाही.

मडगांवकर:
हा 'उद्योग' संत ऑगस्टीनच्या गणनेचा आहे आणि तुमच्या मार्टिन ल्यूथरने तो तसाच ठेवला. ओनानाबाबतही हेच. तो घोटाळा केवळ रोमचा असल्याच्या थाटात तुम्ही नामानिराळे होता, पण उत्पत्तीवरील भाष्यात ओनानाच्या बीजावर तुटून पडलेला तुमचा प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विन कोणत्या देवळात मिस्सेला जात होता?

शब्दनिष्ठ:
कॅल्विन चुकू शकतो, एवढे आम्ही मान्य करतो. आपल्या वडीलधाऱ्यांबद्दल तुम्हांला तसे म्हणण्याची मुभा आहे का?

निर्मळची लेक:
आज्ञांचे क्रमांक लावून झाले असतील तर एक विचारते. ओनानाचे बीज कोठे पडले यावर इतकी शतके शाई खर्च झाली. त्या विधवेचे, तामारेचे, पुढे काय झाले, हे आपल्यापैकी किती जणांना कोणी शिकवले? सासऱ्याने तिला माहेरी पाठवून वाऱ्यावर सोडले, नंतर तिला वेश्या समजून तो स्वतःच तिच्याकडे गेला, आणि ती गरोदर असल्याचे कळताच तिला जाळा म्हणाला. तिने त्याची मुद्रा, दोरी आणि काठी समोर ठेवली, तेव्हा त्याला कबूल करावे लागले की ती माझ्यापेक्षा नीतिमान आहे. मत्तयाच्या पहिल्या अध्यायात प्रभूच्या वंशावळीत तिचे नाव आहे. त्या अध्यायातले लैंगिक नीतिशास्त्र तेथे आहे, आणि आपण थेंब मोजत बसलो.

बायबलच्या लेवीय पुस्तकाचा १५वा अध्यायही कोणी काढला नाही. शरीरातून दीर्घकाळ स्राव होणाऱ्याला बरे झाल्यावर दोन पक्षी अर्पावे लागत. पुरुषाचे वीर्य गेले तर अंघोळ करायची आणि संध्याकाळपर्यंत अशुद्ध राहायचे. अर्पण नाही, बळी नाही.

मुलींना तर या पापाची शिक्षा सोडाच, शब्दसुद्धा मिळाला नाही. साऱ्या वसईत अशी मी एकटीच, असे मला वाटे आणि आठ वर्षे मी पापनिवेदनात 'वाईट विचार' एवढेच म्हणत राहिले. विवाहपूर्व शिबिरात प्रश्नांच्या चिठ्ठ्या खोक्यात टाकायच्या होत्या. मार्गदर्शकांनी एक चिठ्ठी उघडली, मनात वाचली, पुन्हा घडी घातली, पाण्याच्या पेल्याखाली ठेवली आणि म्हणाले, "हा विषयाला धरून नाही." ती माझी होती. आता मी स्वतः धर्मशिक्षणाचा वर्ग घेते, आणि खरे सांगायचे तर मीही अजून त्या परिच्छेदापाशी आले की पान उलटते.

दवाखान्यातला:
मी ख्रिस्ती आहे आणि डॉक्टर आहे, म्हणून दोन्ही बाजूंचा राग ओढवून घेतो. 'धातू जातो' म्हणून येणाऱ्या मुलांत सर्व धर्मांची मुले असतात. तपासणीत काही निघत नाही, निघते ती भीती. चाळीसचा आकडा केवळ आपल्या भिंतींवरचा नाही. १७६०मध्ये तिसो नावाच्या स्विस डॉक्टरने वीर्याची तुलना चाळीसपट रक्ताशी केली होती, म्हणजे हा गैरसमज शास्त्राच्या पोशाखातही वावरला आहे. दुसरीकडे र. धों. कर्व्यांना संततिनियमनाच्या प्रचारापायी विल्सन कॉलेजातली गणिताची नोकरी सोडावी लागली, आणि ते कॉलेज मिशनचे होते, हे आपण सोयीने विसरतो. १९२७ ते १९५३ 'समाजस्वास्थ्य' चालवणाऱ्या त्या नास्तिकाने जे उघडपणे बोलून दाखवले, ते आपल्या पाळकांना आणि फादरांना आजही जड जाते.

शब्दनिष्ठांचे एक मात्र खरे आहे. रोजचे चार-पाच तास पडद्यासमोर घालवून संसार मोडलेले लोक मी पाहिले आहेत. परंतु अपराधीपणामुळे त्यांपैकी कोणाची सवय सुटलेली मी पाहिली नाही. लपवण्याचे कसब तेवढे वाढलेले पाहिले.

उत्तनकर:
शब्दनिष्ठ, तुमच्या स्वयंपाकघरातल्या त्या बाईपुढे मी मान खाली घालतो. पण विवाहित पुरुषाने बायकोशी केलेली प्रतारणा आणि चौदा वर्षांच्या पोराची वही एकाच तराजूत घालणे हा न्याय नाही, आणि हे तुम्हांला कळत नाही असे मानण्याइतका मी भाबडा नाही. मडगांवकर, तुमचे पाद्री तुम्हांला लाभले. सगळ्यांना विहीर मिळत नाही. जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नाशियस १५२२मध्ये स्पेनमधल्या मानरेसा येथे तीच ती जुनी पापे पुन्हा पुन्हा निवेदन करीत राहिले, जीव देण्याचे विचार मनात येईपर्यंत, आणि शेवटी झालेली पापे पुन्हा उगाळायची नाहीत असे ठरवल्यावरच सुटले. ज्यांच्या नावाने आपण शाळा काढतो, त्यांचा हा धडा शाळेत मात्र शिकवत नाही.

मडगांवकर:
मानरेसाचे खरे आहे. तरीही इग्नाशियसनी कुमसार सोडला नाही, एवढे नोंदवून ठेवा.

शब्दनिष्ठ:
ज्याने ते टिपण लिहिले त्याला मी ओळखतो. मुलगा मनाचा वाईट नाही. रक्ताच्या थेंबांचे वाक्य काढायला मी त्याला सांगेन. ओनानही काढायला सांगेन. तिसऱ्या विधानाबद्दल तर तुमच्याआधी मीच उठायला हवे होते, कारण पवित्र आत्मा हा भाडेकरू नव्हे की घर अस्वच्छ दिसले म्हणून बाडबिस्तरा उचलून निघून जावे. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या ज्या पत्रात शरीराला मंदिर म्हटले आहे, ते पत्र काही निष्कलंक लोकांना लिहिलेले नव्हते. मत्तय ५:२८ मात्र मी एका शब्दानेही सैल करणार नाही.

माझा थोरला मुलगा दहावीनंतर दोन वर्षे प्रभुभोजन घेत नव्हता. भाकरीचे ताट आले की तो पुढच्या माणसाकडे सरकवून देई. माझ्या उपदेशांवर रागावला असेल, असे मी धरून चाललो आणि विचारले नाही. आता तो पुण्यात असतो. त्याला आज रात्री फोन करीन म्हणतो, काय विचारायचे ते अजून सुचलेले नाही.

आणि मडगांवकर, आज्ञा सातवीच आहे.